पट्टे, पिक्सेल आणि पाच मदतनीस

शुक्रवारी संध्याकाळी साडेपाचला बॉसचा मेसेज येतो. 'जरा हे फोटो एका साइजचे करून देशील? सोमवारी प्रेझेंटेशन आहे.' आपण फोल्डर उघडतो. आत तीनशे फोटो! 'जरा' या शब्दाचा मराठी ऑफिसांमध्ये जेवढा गैरवापर होतो, तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाचा होत नसेल. मग काय, सिनेमाचा प्लॅन रद्द, कानात हेडफोन आणि सुरू... उघडा, क्रॉप करा, छोटा करा, सेव्ह करा, बंद करा. पुढचा.

एका फोटोला अर्धा मिनिट धरलं तर तीनशे फोटोंना अडीच तास. दोन हजार असतील तर सोळा तास चाळीस मिनिटं, म्हणजे ऑफिसचे पुरते दोन दिवस. यात चहा धरलेला नाही. आणि शंभराव्या फोटोनंतर डोळे जे चुका करतात, त्याही धरलेल्या नाहीत.

यावरचा इलाज तसा जुनाच आहे. फोटोशॉपमध्ये 'ॲक्शन्स'ची सोय १९९६ सालच्या चौथ्या आवृत्तीपासून आहे. एकदा करून दाखवा, रेकॉर्ड करा, पुढचे फोटो तो बघून घेईल. ज्यांच्याकडे फोटोशॉपचं दर महिन्याचं भाडं भरायचं बजेट नाही, त्यांच्यासाठी गिंप आहे. चकटफू! बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्पेन्सर किम्बॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ मध्ये लिहायला घेतलं आणि १९९६ मध्ये लोकांसमोर आणलं. गिंपला हुकूम लिहून द्यायच्या भाषेचं नाव 'स्क्रिप्ट-फू'. कुंग-फूचा चुलतभाऊ वाटावा असं! पायथॉन येणाऱ्यांसाठी 'पायथॉन-फू'सुद्धा आहे.

मास कॉमला असताना आम्हाला फोटोशॉप शिकवलं ते कव्हर पेज सजवण्यापुरतं. स्क्रिप्ट वगैरे प्रकार 'आयटीवाल्यांचा' म्हणून सगळा वर्ग त्याला वळसा घालून जायचा. मला त्यात खरा इंटरेस्ट आला तो चंद्रपुरात. हो, चंद्रपुरातच. कोळसा, ऊन आणि वाघवाल्या चंद्रपुरात!

तीन कोटी फोटोंचं जंगल

माझी एक मैत्रीण वाइल्डलाइफ बायोलॉजीत एमएस्सी करून तिकडे काँट्रॅक्टवर काम करते. एका फीचरसाठी मी तिकडे गेले होते. मला वाटलं होतं, ही दिवसभर जिप्सीतून फिरत असेल, टोपी-दुर्बीण वगैरे. प्रत्यक्षात बाई कूलरसमोर बसून मेमरी कार्डं रिकामी करत होत्या. "अगं, जंगलात आठवडाभर, तर कॉम्प्युटरसमोर महिनाभर," ती म्हणाली. टेबलावर तर्री-पोह्यांची प्लेट, शेजारी कार्डांची पाकिटं, प्रत्येकावर मार्करनं लिहिलेला नंबर.

आता थोडं बॅकग्राउंड. ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान झालं १९५५ मध्ये, अंधारीचं अभयारण्य १९८६ मध्ये, आणि दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला तो १९९५ मध्ये. म्हणजे तिकडे बर्कलीत ते दोघं कोड बडवत होते, त्याच वर्षी. आता मात्र वाघ ताडोबापुरता राहिलेला नाही. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आणि वैनगंगा ओलांडली की गडचिरोलीतलं वडसा, आरमोरी... शेताच्या बांधापासून ते तेंदूपत्त्याच्या जंगलापर्यंत सगळीकडे त्याची ये-जा आहे. महाराष्ट्रात २०१४ च्या गणनेत अंदाजे १९० वाघ होते, २०१८ मध्ये ३१२, आणि २०२२ मध्ये ४४४.

हे मोजतात कसे? तर कॅमेरा ट्रॅपनं. जंगलातल्या वाटेच्या दोन्ही बाजूंना, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, समोरासमोर दोन कॅमेरे बांधतात. गरम अंगाचं काहीतरी समोरून हललं की क्लिक. त्या 'काहीतरी'मध्ये चितळ, रानडुक्कर, गावातली गाय, मोहफुलं वेचायला निघालेली आजी, सगळे येतात. कधी कधी तर उन्हानं तापलेलं गवत वाऱ्यावर डोललं तरी क्लिक!

२०१८ च्या देशव्यापी गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लागले आणि फोटो निघाले ३ कोटी ४८ लाख ५८ हजार ६२३. त्यात वाघाचे किती? ७६,६५१. म्हणजे साधारण साडेचारशे फोटो चाळले की एकात वाघ. त्या फोटोंतून वेगवेगळे ओळखता आले ते २,४६१ वाघ. या सर्वेक्षणाची गिनीज बुकातही नोंद झाली. कुठला प्राणी आहे एवढी पहिली चाळणी लावायला तेव्हापासून एआयवालं सॉफ्टवेअर आलंय. पण चाळणीतून खाली उरलेल्या फोटोंचं पुढे जे काय करायचं, ते कुणीतरी बसून करावंच लागतं.

वाघाचं आधार कार्ड

वाघाच्या अंगावरचे पट्टे म्हणजे त्याचं आधार कार्ड. दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. कर्नाटकात नागरहोळेच्या जंगलात डॉ. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात कॅमेरा ट्रॅप आणि पट्टे यांच्या जोरावर वाघ मोजण्याची पद्धत बसवली. पुढे पट्टे जुळवण्यासाठी 'एक्स्ट्रॅक्ट कंपेअर' नावाचं सॉफ्टवेअर आलं. ते फोटोतल्या वाघावर त्याच्या शरीराचा थ्री-डी साचा बसवतं, म्हणजे वाघ थोडा तिरका चालत असला तरी पट्ट्यांची तुलना करता येते. शेवटचा निकाल मात्र माणसाचाच. दोन फोटो शेजारी ठेवायचे आणि डोळे फुटेस्तोवर बघायचे.

आता हे शेजारी ठेवायचे फोटो तयार कोण करणार? इथे आपलं गिंप येतं. मैत्रिणीच्या टीमला प्रत्येक वाघाचं एक पान लागायचं. डावी बाजू, उजवी बाजू, सगळे फोटो एका रुंदीचे, रात्रीचे काळपट फोटो थोडे उजळलेले, नावं नीट. एका सीझनला असे काही हजार फोटो. तिच्या आधीच्या माणसानं त्यासाठी अकरा स्क्रिप्ट लिहून ठेवले होते. प्रत्येक स्क्रिप्ट स्वतंत्र, आणि प्रत्येकात त्याच त्या तीस-चाळीस ओळी कॉपी-पेस्ट केलेल्या. चालत होते तोवर कुणी उघडूनही बघितले नाहीत.

मार्च २०२५ मध्ये गिंपची ३.० ही आवृत्ती आली. मशीन अपडेट झालं, आणि अकराच्या अकरा स्क्रिप्ट झोपले! कारण साधं होतं. जुन्या गिंपमध्ये 'चालू लेयर' एकच असायचा. नव्यात एकाच वेळी अनेक लेयर निवडता येतात, म्हणून तो लेयर मागायची जुनी आज्ञाच काढून टाकली आणि तिच्या जागी 'निवडलेले लेयर' देणारी नवी आली. असे आणखीही बरेच बदल. अकरा फायली, प्रत्येकात चार-पाच ठिकाणी तीच आज्ञा. शोधा आता!

टीममध्ये मूलजवळच्या एका गावातला बीएस्सी झालेला मुलगा आहे. त्यानं ठिगळं लावायला चक्क नकार दिला. अकरा फायलींमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी त्यानं बाहेर काढल्या, प्रत्येक कामाला एक छोटं नाव दिलं आणि सगळी कामं एका फाइलीत ठेवली. त्यांना म्हणतात हेल्पर फंक्शन. आपण मदतनीस म्हणू. मोठे स्क्रिप्ट आता फक्त मदतनिसांना हाका मारतात. "म्याडम, जुनेच दुरुस्त करत बसलो असतो तं पावसाळा लागला असता," तो मला म्हणाला. ऑफिसात कसं, स्टेपलरच्या पिना कुठेत हे प्रत्येकानं लक्षात ठेवायची गरज नसते, ज्या काकांना माहीत असतं त्यांना हाक मारली की झालं. कपाटाची जागा बदलली तर फक्त काकांना कळलं तरी पुरतं!

मदतनिसांची ओळख परेड

नंबर एक, 'लेयर दे'. स्क्रिप्ट-फू ही स्कीम नावाच्या भाषेवर चालते आणि तिथली गंमत अशी की तुम्ही एक गोष्ट मागितली तरी ती परंपरेनं यादीत घालून मिळते. एकच पेढा मागावा आणि त्यानं बॉक्समध्ये बांधून द्यावा, तसं. बॉक्स उघडायच्या आज्ञेचं नाव 'कार'. चारचाकीशी संबंध नाही, १९५० च्या दशकातल्या आयबीएम ७०४ या कॉम्प्युटरच्या रजिस्टरवरून आलेलं ते नाव आहे. एखादी 'कार' विसरली की स्क्रिप्ट आडवा. म्हणून 'लेयर दे' हा मदतनीस बॉक्स उघडून पेढा हातात देतो. गिंप बदललं तरी दुरुस्ती इथे एकाच जागी.

नंबर दोन, 'प्रमाणात छोटा कर'. गिंपच्या आज्ञेला रुंदी आणि उंची दोन्ही सांगाव्या लागतात. उंचीचा हिशेब चुकला की वाघ एकतर बुटका-जाडा नाहीतर ताणलेल्या रबरासारखा दिसतो. लग्नाच्या अल्बममध्ये हे खपेल, इथे पट्ट्यांमधलं अंतरच बदलतं. हा मदतनीस फक्त रुंदी घेतो, उंची स्वतः काढतो.

नंबर तीन, 'एका अनडूत गुंडाळ'. स्क्रिप्टनं फोटोवर आठ गोष्टी केल्या आणि नको वाटल्या, तर आठ वेळा अनडू दाबायचं? गिंपमध्ये अनडूचा गट सुरू करायची आणि संपवायची अशा दोन आज्ञा असतात. पहिली देऊन दुसरी विसरली की अनडूचा सगळा हिशेब बिघडतो. मदतनीस दोन्ही स्वतः देतो, मधलं काम तेवढं आपण सांगायचं.

नंबर चार, 'आवरून जा'. स्क्रिप्ट जेव्हा पडद्यावर खिडकी न उघडता मागच्या मागे चालतो, तेव्हा उघडलेला प्रत्येक फोटो सांगितल्याशिवाय मेमरीतून जात नाही. जुन्या मशीनवर शे-दोनशे फोटो झाले की सगळं थंड. एक ओळीचा मदतनीस आहे हा, पण त्याच्यामुळे रात्री काम लावून घरी जाता येतं.

नंबर पाच, 'नवं नाव, नवं घर'. हा माझा फेव्हरेट! कॅमेरा ट्रॅपला कल्पनाशक्ती नसते. प्रत्येक कार्डावर फोटोंची नावं पुन्हा एकपासून सुरू. दोन कार्डं एकाच फोल्डरमध्ये ओतली की एका ठिकाणचा फोटो क्रमांक एक दुसऱ्या ठिकाणच्या एक नंबरावर चढून बसू शकतो. ब्रह्मपुरीचा वाघ सिंदेवाहीत! हा मदतनीस नावापुढे ठिकाणाचा आणि कार्डाचा नंबर लावतो, फोटो कायम दुसऱ्या फोल्डरमध्ये सेव्ह करतो, आणि मूळ फोटोला कधीही हात लावत नाही. मूळ फोटोच्या तळाशी तारीख-वेळेची पट्टी असते. क्रॉप करताना ती कॉपीतून उडाली तरी मूळ जागेवर शाबूत. उद्या कुणी पुरावा मागितला तर तोच दाखवायचा.

सहावा मदतनीस का नाही?

मी शहाणपणा करत विचारलं, "पानावर सगळे वाघ एकाच दिशेला बघताना छान दिसतील ना? आरशासारखं उलटं करायचं एक फंक्शन टाक की!" दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी वाघिणीच्या बछड्याला हात लावायला निघालेय.

गोष्ट अशी आहे, की वाघाच्या डाव्या आणि उजव्या अंगावरचे पट्टे एकमेकांची मिरर इमेज नसतात. दोन्ही बाजूंची नक्षी वेगळी. म्हणून तर समोरासमोर दोन कॅमेरे लावतात, एकाच क्षणी दोन्ही बाजू मिळाल्या तर त्या एकाच वाघाच्या हे पक्कं होतं. एकच कॅमेरा चालला तर एकच बाजू हातात, आणि मग इथली डावी आणि तिथली उजवी यांची परस्पर सोयरीक लावता येत नाही. आता समजा, पान सुंदर दिसावं म्हणून कुणी उजव्या बाजूचा फोटो उलटा केला. तो डाव्या बाजूसारखा दिसायला लागेल, कुठल्याच डाव्या बाजूशी जुळणार नाही, आणि यादीत एक असा वाघ येईल जो जंगलात नाहीच! म्हणून त्या मुलानं फाइलीच्या डोक्यावरच लिहून ठेवलंय, 'फ्लिप करणारं फंक्शन इथे कुणीही लिहू नये.' शिवाय पाचवा मदतनीस सेव्ह करण्याआधी 'डावी की उजवी?' असं विचारतो आणि उत्तर दिल्याशिवाय सेव्हच करत नाही.

चुकीचा वाघ

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात? एखादा वाघ जास्त मोजला गेला तर बिघडलं कुठे?

बिघडतं ते गडचिरोलीच्या आणि चंद्रपूरच्या गावांमध्ये. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम असतो. पहाटे बाया-माणसं जंगलात जातात, कारण वर्षातली रोख कमाई तीच. १० मे २०२५ रोजी सिंदेवाहीच्या जंगलात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. असं काही झालं की गाव रस्त्यावर येतं, आणि ते साहजिकच आहे. वाघ पकडा, ही मागणी होते. पण कोणता? त्या भागात चार-पाच वाघ फिरत असतील तर दोषी कोण हे ठरवायला पुन्हा कॅमेरे लागतात, फोटो येतात आणि आधीच्या फोटोंशी पट्टे जुळवले जातात. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची नियमावलीच तशी आहे. आधी ओळख, मग कारवाई.

'सीटी-१' हे नाव आठवतं? सीटी म्हणजे कॉन्फ्लिक्ट टायगर. वडसा, भंडारा आणि ब्रह्मपुरी या तीन भागांत मिळून तेरा माणसांचे बळी त्याच्या नावावर होते. ऑक्टोबर २०२२ मध्ये वडसा भागात त्याला बेशुद्ध करून पकडलं आणि नागपूरला गोरेवाड्याला नेलं. तीन वन विभागांत फिरणारा वाघ एकच आहे हे कळायला तिन्हीकडचे फोटो एकमेकांशी बोलावे लागतात. त्यातल्या एका फोल्डरमध्ये नावांची सरमिसळ झालेली असेल, तर पिंजऱ्यात जाईल भलताच आणि खरा मोकळा राहील. पुढच्या पहाटे तेंदूपत्त्याला जाणाऱ्या बाईला ती चूक कुणी सांगणार?

आणि हे फोटोही फुकटात येत नाहीत. २० नोव्हेंबर २०२१ ला ताडोबाच्या कोलारा भागात गणनेच्या सर्वेक्षणासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. इतक्या कष्टानं गोळा केलेली माहिती 'आयएमजी एक' वर 'आयएमजी एक' चढला म्हणून पुसली जावी, ही कल्पनाच सहन होत नाही. मैत्रीण हे बोलताना एकदम गप्प झाली होती. मीही पुढचा प्रश्न विचारला नाही.

आता तुमच्यासाठी

तुमच्या फोल्डरमध्ये वाघ नसतील. प्रॉडक्टचे, साइट व्हिजिटचे, ऑफिस पार्टीचे फोटो असतील. तरी फंडा तोच. सुरुवात करायची असेल तर गिंपच्या मेनूत 'प्रोसिजर ब्राउझर' उघडा, गिंपला येणाऱ्या सगळ्या आज्ञांची यादी तिथे आहे. कुठल्या आज्ञेला काय द्यायचं, ती काय परत देते, सगळं लिहिलेलं. रविवारची एक दुपार पुरे. पहिला मदतनीस 'नवं नाव, नवं घर' हाच लिहा, कारण तो चुकांपासून वाचवतो. दुसरा 'प्रमाणात छोटा कर'. तीच तीच ओळ तिसऱ्यांदा पेस्ट करताना हात थांबला पाहिजे, तिथे नवा मदतनीस जन्माला येतो.

नावं देताना कंजूषी करू नका. 'एक्स-वाय-झेड-दोन' असं नाव आज कळतं, दिवाळीनंतर स्वतःलाच कळत नाही. एका मदतनिसाला एकच काम द्या. आणि फोटो बाहेर पाठवणार असाल तर एक जादाचा मदतनीस ठेवा. मोबाइलनं काढलेल्या फोटोत बऱ्याचदा ठिकाणाचे आकडे लपलेले असतात, एक्झिफ म्हणतात त्याला. जेपीईजी एक्स्पोर्ट करताना ती माहिती ठेवायची की काढायची, हे गिंपमध्ये ठरवता येतं. सफारीत काढलेला वाघाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी तर ती जरूर काढा. वाघ कुठे बसतो हे शिकाऱ्यालाही हवंच असतं.

मी परत आल्यावर त्या मुलाची फाइल मागून घेतली. त्यानं ती दिली, पण अट घातली. त्यात काही सुधारलं तर त्यालाही पाठवायचं. गेल्या आठवड्यात मी त्यात फोटोच्या कोपऱ्यात तारीख लिहिणारा एक छोटा मदतनीस जोडला आणि पाठवून दिला. त्याचं उत्तर आलं, 'चालते म्याडम. फक्त डाव्या कोपऱ्यात टाका, उजवीकडं वाघाचं शेपूट येते.'